बाभळीचे ठोकळे

शाहूपुरी, कोल्हापूर
२ मार्च २००८

तीर्थरूप आबांस,
सोनमचा सविनय जय भीम.

मी बरी आहे. खोलीवर पाणी वेळेवर येतं. मेसचं जेवणही चांगलं आहे, फक्त भाकरी आक्काच्या हातची नाही. तुमचा खोकला कसा आहे? दाजींनी काढा आणला का? आक्काकडं राहून कबनूरच्या यंत्रमागांची खडखड तुम्हाला आता अंगाईसारखी वाटत असेल, पण फोनवर मला तिच्यामुळे काही ऐकू येत नाही. म्हणून पत्र लिहिते आहे.

हे अर्धंच खरं आहे. गुरुवारी मी मुद्दाम एक गोष्ट सांगायलाच फोन केला होता. तुम्ही "जेवलीस का? बरं, ठेव आता, बिल चढतंय" म्हणालात आणि मला हायसं वाटलं.

तुम्ही नेहमी विचारता, कॉम्प्युटरपुढं बसून कसली इंजिनिअरिंग? सांगते. सध्या आमच्याकडे आपल्या गावच्या पुलाच्या दुरुस्तीचं काम आलंय. मी तो पूल कॉम्प्युटरमध्ये उभा केलाय. नुसता नकाशा नाही. खांब, दोन खांबांमधले गाळे, स्लॅब, आतल्या सळ्यासुद्धा. माउसनं फिरवला की नदीत उभं राहून पुलाच्या पोटाकडं बघतोय असं वाटतं. आमची माणसं परांचीवर चढून स्लॅब खालून हातोडीनं ठोकत गेली. आवाज खणखणीत आला तर ठीक, बद्द आला तर आत सळी गंजलेली. असे सगळे बद्द आवाज मी मॉडेलमध्ये लाल ठिपक्यांनी दाखवले.

बाकी पूल चांगला निघाला. मधल्या गाळ्यात मात्र ठिपकेच ठिपके, तेही सरळ ओळीत, सारख्या अंतरावर.

आमचे मुख्य पट्टणशेट्टी साहेब चष्मा कपाळावर ढकलून बराच वेळ बघत राहिले. "अगं सोनम, गंज काय पट्टी घिऊन लागतोय व्हय? का तुझा कॉम्प्युटर रांगोळी काढाय बसलाय?" सगळे हसले. मीही हसले.

मग त्यांनी चष्मा खाली घेतला. कारण कळत नसेल तर त्या गाळ्यावर भरवसा ठेवता येत नाही, म्हणाले. तो तोडायचा आणि नवा घालायचा. वर्षभर पूल बंद. आपल्या गल्लीतल्या पोरी नदीपलीकडच्या हायस्कुलात कशा जातात ते तुम्हाला सांगायला नको. वाट वाकडी झाली की आधी त्यांची शाळा सुटते.

आबा, मला कारण माहीत होतं. इथवर वाचून ते तुम्हालाही कळलं असेल.

लग्नात जेवणं उरकली की कुणीतरी म्हणतंच, "भाऊसो, पुलाचं सांगा की!" तुम्ही मांडी बदलता. "सळ्या बांधून झालत्या. मिक्सर भरल्याला. आन् सळ्यांखाली घालायचं सिमेंटचं ठोकळं संपल्यालं! सायेब डोसक्याला हात लावून बसल्यालं. म्या म्हणालो, थांबा की सायेब. बाभळ हाय, करवत हाय, आन् ह्यो भाऊसो हाय." तुम्ही ठोकळे कापून दिलेत, काम अडलं नाही, आणि साहेबांनी सगळ्यांसमोर तुम्हाला फेटा बांधला. तोच फेटा बांधून तुम्ही माझ्या पदवीदानाला आलात. शेजारच्या खुर्चीवरच्या पावण्यांनाही ती गोष्ट ऐकावी लागली.

ते लाकूड काँक्रीटमध्ये राहिलं आणि कुजलं. त्या वाटेनं पाणी सळीपर्यंत गेलं. जिथं तुमचा ठोकळा, तिथं माझा लाल ठिपका.

त्या दिवशी मी गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी साहेबांना म्हणाले, एका जुन्या सुताराकडून असं असं ऐकलंय. त्यांनी एका ठिपक्यावर ड्रिल मारून बघायला लावलं. ओला तपकिरी भुगा निघाला. मग दोन ठिपक्यांच्या मध्ये बघितलं, तर तिथली सळी चांगली! म्हणजे गाळा पाडायला नको. ठिपके तेवढे उकरायचे, सळी घासायची, पुन्हा भरायचं. एका बाजूनं एसटी चालू राहील.

"पर ह्यो सुतार कोण?" साहेबांनी विचारलं.

मला नाव टाळता आलं असतं. पण लपवण्यासारखं तुम्ही काही केलंय, हे मग मीच ठरवल्यासारखं झालं असतं. मी म्हणाले, "माझे वडील," आणि फेट्यापर्यंतची सगळी गोष्ट सांगितली.

साहेब माझ्यावरच डाफरले. "मग काल तोंड शिवल्यालं व्हय? म्या काय त्यांस्नी फाशी देणार हुतो? ठोकळं पुरवाय पायजे हुतं ते शिकल्याल्यांनी. वर फेटा बी त्यांनीच बांधला! बोलाव आबांस्नी. चहा पाजतो."

चूक नव्हतीच, असं मी लिहिणार नाही. खोटं बोलायचं नाही हे तुम्हीच शिकवलंत. चूक होती. ती तुम्हाला कळायचं कारण नव्हतं, आणि ज्यांना कळायला हवी होती त्यांनी टाळ्या वाजवल्या.

साइटवर आपल्या गल्लीतला कृष्णात कामाला आहे. येत्या रविवारी तो सासरवाडीला इचलकरंजीत येईल आणि तिथून जवळच कबनूरला तुमच्याकडे डोकावल्याशिवाय राहणार नाही. त्याच्या आधी माझ्याकडून कळावं, म्हणून ही घाई. पण खरी भीती वेगळी आहे. पुढच्या महिन्यात आपल्या सूरजचं लग्न. जेवणं झाल्यावर कुणीतरी म्हणेल, "पुलाचं सांगा की," आणि तुम्ही पाण्याचा तांब्या तोंडाला लावून दुसरंच काही बोलाल. आबा, तसं करू नका. आता गोष्ट थोडी लांबली आहे, एवढंच. पुढचं तुम्हाला जमलं नाही तर मी शेजारी बसून सांगेन.

सोमवारी, दहा तारखेला, पहिला ठिपका उकरणार आहेत. मी मधल्या गाळ्याखाली असेन. रागवायचं असेल तर तिथं येऊन रागवा, फोनवर नको. एखादा ठोकळा शाबूत निघाला तर तो तुमच्या हातात द्यायचा आहे. फेटा आणायचा की नाही ते तुम्ही ठरवा. मला विचाराल, तर आणा.

आक्काला आणि दाजींना जय भीम.

तुमच्या पुलावरून शाळेला गेलेली,
सोनम