उलट्या मूर्तीचं निवेदन

२ फेब्रु., रवि.
ताईची सुट्टी, म्हणून व्हिडिओ कॉल. म्हटलं, तीन वर्षं झाली तुले जपानात, त्या गावचा किल्ला तरी दाखव. मले कादंबरीले पायजे. तिथल्या वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांच्या अंघोळी घालून सहा दिवस थकलेली असते, तरी गेली टेकडीवर.
"किल्ला कुठं हाय?"
"हाच तं हाय."
"हा तं ओटा हाय, ताई."
"वरचा सगळा लाकडी होता. राजे गेले, मंग सरकारनं पाडाले लावला. लाकूड लिलावात गेलं म्हणते. दगड कोण घेईन? ते राह्यले."
दगडी चौथरा, बिनपानाची झाडं, एक बाकडं. आई मधात तोंड घालून, "स्वेटर घातलं का तुनं?"
किल्ला पाहाले गेलो अन् किल्लाच नाई. बरं वाटलं. कादंबरीले असंच पायजे.

५ फेब्रु.
मंगरूळपीरच्या कॉलेजात चार तास घेतले. येताना जीपमधी मांगच्या सीटवर सहावा. शेलूबाजार येईपर्यंत एक पाय मेला. तासिकेची नेमणूक मार्चात संपते, पुढं काय ते कोणी सांगत नाई.
पहिलं प्रकरण चौथ्यांदा. भिंतीतला दगड बोलते, असं. सकाळी भारी वाटलं. दुपारी नाई.

९ फेब्रु., रवि.
ताईनं भिंत जवळून दाखवली. बाबा माह्या मांगं येऊन उभे राह्यले, चहा हातात.
"थांब. मांग घे. त्या फटीत काय हाय?"
ताईनं टॉर्च मारला. आत, दोन मोठ्या दगडायच्या मधात, एक मूर्ती. डोकं खाली, पाय वर. गोल गुळगुळीत डोकं, हात जोडलेले.
"बुद्ध हाय का?"
"जिझो म्हणते याले. बुद्धाच्या मार्गातलेच. लहान लेकरायचे, वाटसरूंचे राखणदार."
"उलटा काहून मंग?"
ताईले आश्रमातल्या एका आजीनं सांगतलं होतं सगळं. राजाले किल्ला लवकर पायजे होता. घरोघरी दगड मागतले. ते पुरले नाई, तं दळाची जाती नेली, विहिरीच्या पायऱ्या नेल्या, कबरीचे दगड नेले, रस्त्यावरच्या मूर्त्या नेल्या. जे जसं बसलं तसं बसवलं.
आई म्हणे, "डोकं टेकलं हाय बिचाऱ्याचं."
बाबा म्हणे, "टेकलं नाई. टेकवलं."
चहा तसाच राह्यला. दगडाले बोलतं करणारी माह्यी तीन पानं फाडली. त्या एका शब्दापुढं काय लिहावं.

११ फेब्रु.
ताईचा वेगळा फोन, फक्त मले. आश्रमवाले तिले अजून दोन वर्षं देऊन राह्यले. १५ मार्चपर्यंत हो का नाई ते फॉर्मवर खूण करून द्याचं. "तू सांग ना रे बाबाले."
संध्याकाळी बाबा: "तू विचार ना तिले, मार्चात येते ना? मले नीट सांगत नाई ते." वरच्या खोलीले चुना मारून घेतला त्यायनं. गल्लीत सगळ्यायले सांगून ठेवलं, पोरगी येऊन राह्यली.
दोघायच्या मधात मी. कोणालेच काई सांगतलं नाई. झोपलो.

१३ फेब्रु.
बाबा पंचायत समितीत लिपिक होते. जिंदगीभर लोकायची निवेदनं घेतली, रिटायर झाल्यापासून देते. बुद्धविहाराच्या रस्त्यासाठी, नळासाठी, लाइटच्या खांबासाठी. आज सकाळी टेबलावर कोरा कागद, खाली कार्डबोर्ड.
प्रति, मा. नगराध्यक्ष साहेब. विषय: किल्ल्याच्या भिंतीत उलटी बसविलेली मूर्ती सुलटी करून मिळणेबाबत. खाली, प्रत माहितीस्तव: मा. जिल्हाधिकारी.
"बाबा, जपानात जिल्हाधिकारी असते का?"
"कोणी तं असनच. त्याच्याशिवाय जिल्हा चालते का?"
मले म्हणे जपानीत कर. मोबाईलवर केलं. ते उलटून मराठीत पाह्यलं, तं आलं, 'कृपया म्हाताऱ्याला उभे करा'. ताईचं रोजचं कामच ते. तरी परत केलं, नीट.

१६ फेब्रु., रवि.
ताई भडकली.
"बाबा, मी इथं कामाले आली. मोर्चा काढाले नाई."
"मोर्चा कोण म्हणते? निवेदन हाय. शांततेत द्याचं, पोच घ्याची, घरी याचं."
"अन् मले कामावरून काढलं तं?"
"काढलं तं ये."
आईनं पदर तोंडाले लावला. ताई म्हणे, "म्हणजे मले वापस आणासाठी होय हे." फोन कट. नेट गेलं का तिनं केला, मालूम नाई.

२४ फेब्रु.
आठ दिवस ताईचा फोन नाई. आईसंग बोलते, दुपारी, बाबा विहारात गेले की. ऊन आत्तापासूनच. वर्गात तेरा पोरं, त्यातले चार झोपेत. मी बी त्यातलाच. कादंबरी बंद.
बाबा म्हणे, "तिले सांग, नाई द्याचं तं नको देऊ." मंग लगेच, "पण दोन प्रती काढजो म्हणा, एक आपल्याले राह्यते."

२ मार्च, रवि.
काई न सांगता फोटो आला. बाबाचं निवेदन, त्यावर लाल गोल शिक्का. ताई शुक्रवारीच जाऊन आली, आश्रमातल्या त्या आजीले व्हीलचेअरवर घेऊन. तिलेच किल्ला पाहाचा होता, म्हणे. नगरपालिकेच्या ऑफिसातला माणूस उठून उभा राह्यला, दोन्ही हातानं कागद घेतला, पूर्ण वाचला.
बाबानं फोटो मोठा करून करून पाह्यला. "तारीख हाय. शिक्का हाय." दिवसभर हेच. जेवताना म्हणे, "उठून उभा राह्यला. इकडं कोण राह्यते."

९ मार्च, रवि.
उत्तर आलं. ताई टेकडीवरूनच बोलली. संग आजी, मांडीवर ब्लँकेट.
"बाबा, ते म्हणते त्या मूर्तीले काढलं तं तो कोपरा पूरा खाली येईन. लोकं फटीतून पाणी-फुलं ठेवते, ते चालू राह्यलं पायजे म्हणते. बाकी, विचार करू म्हणे."
बाबा हसले. महिन्याभरात पहिल्यांदा. "विचार करू. म्या जिंदगीभर लोकायले हेच सांगतलं."
मंग ताई म्हणे, "बाबा. त्याले टेकवलं, बरोबर हाय तुमचं. मले कोणी टेकवलं नाई. मी राह्यली तं माह्या मर्जीनं राह्यली."
बाबा काई बोलाच्या आत आजीनं फोनकडं पाहून मान वाकवली. चांगली खालपर्यंत. बाबानं हात जोडले. "जय भीम, बाई."
आजी काईतरी बोलली. ताई लाजून, "म्हणते, पोरगी चांगली हाय तुमची."
"मालूम हाय मले," बाबा म्हणे. अन् उठून गेले.

१२ मार्च
कॉलेजात निरोप. सोमवारपासून येऊ नका, पोर्शन संपला. जीपमधी समोरची सीट भेटली आज. काई फरक नाई पडत.
बाबा वरच्या खोलीत जाऊन बसते संध्याकाळी. तिथं बल्ब बी नाई अजून.

१४ मार्च
धुळवड. गल्लीत पोरं रंगलेले, आमी दार लावून. फॉर्मची उद्या शेवटची तारीख. ताईचा फोन स्पीकरवर. कोणी विषय काढत नाई. आई कढीपत्त्याचं विचारून राह्यली, तिथं भेटते का.
बाबानंच काढला. "निवेदनावर कारवाई नाई झाली तं पुढं काय असते, मालूम हाय का तुले?"
"काय?"
"स्थळपाहणी. कागदावरून समजत नाई. तो उलटा हाय, का त्याले तिथं जमलं हाय, ते जागेवर जाऊन पाहा लागते. मी येतो."
आई त्यायच्या गुडघ्याकडं पाहून राह्यली.
"पायऱ्या लय हाय, बाबा."
"कठडा हाय ना?"
"हाय." मंग, हळू, "पण तुमी येईपर्यंत मले थांबा लागीन."
बाबानं चष्मा काढला, शर्टच्या टोकानं पुसला, परत लावला.
"खूण केली का तुनं?" म्याच विचारलं शेवटी.
"नाई अजून."
फोन ठेवल्यावर बाबा मले म्हणे, "पासपोर्टचा फोटो इथं निघते, का वाशिमले जा लागीन?"
"इथं निघते."
"आज तं दुकान बंद असन." खिडकीतून गल्लीतले पोरं पाहत राह्यले. "उद्या पाहू."