आजीचं गाणं आणि गुरुजींची फळी

धाकटे अयिंके,

थोरलीची माया पोचो. इबादानला मी सुखरूप आहे. इथला कोनफळाच्या पिठाचा उंडा मात्र भिंत लिंपायच्या लायकीचा. आपली नात मोरेनिके विद्यापीठात शिकते काय, तर पुस्तक कुठल्या फळीवर ठेवायचं.

परीक्षेसाठी तिनं आपल्या घराण्याचं स्तुतिगान माझ्या तोंडून उतरवून नेलं. मीही सोबत गेले, तर तिचे गुरुजी म्हणाले, "आजी, पुस्तक रचणाऱ्याच्या नावानं लागतं. नाव सांगा, नाहीतर याला फळी नाही."

म्हटलं, "आईनं दिलं, तिला तिच्या आईनं. सगळ्यांना फळीवर बसवा." हसले शहाणे.

मी सांगतेय आणि पोरगी लिहितेय; नापास होईन म्हणून हे लिहितानाही नाक ओढतेय.

तुझा गुडघा कसा आहे? हे गुरुजी तुझ्या सासरगावचे. त्यांच्या घराण्याचं गाणं तुला पाठ आहे. ये, आणि त्यांच्या तोंडावर गा. आपल्या पूर्वजांची नावं ऐकून मान खाली घालून रडतील. मग मी विचारीन, "गुरुजी, हे कुणी रचलं?"

वाट बघणारी,
तुझी थोरली