लाल गाडी आणि बाबांचे गुडघे

रविवार, संध्याकाळ

पंडरी भागातल्या जुन्या गाड्यांच्या दुकानात ती लाल गाडी चालवून पाहिली. बजेटात बसते, मायलेज चांगलं, आणि पळते कशी! पण बाबांना बसवलं तर उतरताच येईना. गाडी ठेंगणी, गुडघे वाकत नाहीत. दुकानदारानं अन् मी ओढून काढलं. सोबत आलेली माझी पोट्टी म्हणे, "पापा, दादाजी के लिए ऊँची वाली लो ना." आपल्या पैशात उंच म्हणजे ती डब्यासारखी व्हॅन. ती रोज चालवू? लाल गाडी डोळ्यासमोरून जाऊनच नाही राहिली.

घरी आल्यावर बाबा म्हणाले, "तू लालच घे. मले आता कुठं जायचं राह्यलं?"

मी "असं काय म्हणता" सुद्धा म्हटलं नाही. काहून? दुकानातून निघाल्यापासून मीही मनात हेच म्हणून राहिलो होतो.