देवघरातल्या समुद्री गोगलगायीची व्यवस्था

मी, कामाक्षी अनिरुद्धराव, वय चौऱ्याहत्तर, भूगर्भशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, राहणार मेल वीथी, तंजावर, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. सोमवारी डॉक्टर माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. बिघाड झडपेत आहे, डोक्यात नाही. माझ्यावर कोणाचा दाब नाही. अक्षर थरथरलेले दिसेल ते आनंदाने, आणि त्याचे कारण खाली येईलच. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे, ज्यात माझी भावजय वेंकूबाई हिला मी मुद्दाम काहीच ठेवले नव्हते.

हे मराठीत लिहिते याचेही कारण आहे. घरात आम्ही मराठी बोलतो, पण ही लिपी आता फक्त मला आणि वैनीला वाचता येते, तिला पोथ्यांमुळे. म्हणजे माझ्या मागे भाची हरिताला हे मृत्युपत्र आईसमोर बसून आईकडूनच ऐकावे लागेल. ते बरेच होईल.

पहिले, घर. माझा अर्धा हिस्सा वैनीला तिच्या हयातीपर्यंत, नंतर हरिताला. माडीवरची खोली मात्र भाड्याने देऊ नये. तिथली नमुन्यांची खोकी अजून कोणी नीट पाहिलेली नाहीत.

दुसरे, पापनाशमजवळचा भाताचा तुकडा हरिताला. तिने तो विकला तरी माझी हरकत नाही, शेतीतले मला कधीच कळले नाही.

तिसरे, हत्यारे. सुया, ब्रश, सूक्ष्मदर्शक आणि माझी सगळी रेखाटने माझी विद्यार्थिनी नित्या हिला. ती आता स्वतः कॉलेजात शिकवते. दहापटीचे भिंग मात्र तिला नाही. एका परिषदेत भर सभेत एक विद्वान गृहस्थ मला म्हणाले होते, "बाई, ही नवी जात नव्हे, जुनीच आहे, झिजलेली." भिंग त्यांना टपालाने पाठवावे. सोबत पत्र नको, त्यांना समजेल.

चौथे कलम मोठे आहे, कारण मृत्युपत्र त्याच्यासाठीच नव्याने लिहिते आहे.

कोळ्ळिडम नदी ओलांडून अरियलूरकडे गेले की चुनखडीच्या खाणी लागतात. सुमारे सात कोटी वर्षांपूर्वी तिथे समुद्र होता. त्या समुद्रातल्या गोगलगायींची कवचे मी आयुष्यभर वेचली. एक जात मला सारखी हुलकावणी देत होती. बाहेरून ती ओळखीच्या जातींसारखीच, फक्त अंमळ सडपातळ. फरक असलाच तर आतल्या खांबावर, ज्याभोवती कवच वळत जाते त्या खांबाच्या पिळांवर. पण माझे सगळे नमुने तोंडाशी फुटलेले, नाही तर चिखलाने गच्च भरलेले. सुई घालावी तर खांबच मोडायची भीती.

सर्वांत अखंड नमुना माझा धाकटा भाऊ बाळकृष्णराव कौतुकाने बायकोला दाखवायला घेऊन गेला. तिने तो शंख समजून धुतला, गंध लावले आणि देवात बसवला. एकदा गंध लागले की देव झाला, आणि देव परत मागता येत नाही. आमच्याकडे हे कोर्टाच्या निकालापेक्षा पक्के असते. मी भांडले, बोलणे टाकले, देवघराची पायरी चढणे सोडले. भाऊ गेला तरी शंख तिथेच. रोज पाणी, शुक्रवारी दूध, मग जुन्या रेशमी चिंधीने टिपणे.

गेल्या शुक्रवारी वैनीचा गुडघा धरला. म्हणाली, "वन्सं, आज तेवढा दिवा लावा." लावला. समई जवळ सरकवली तर उजेड तिरपा शंखाच्या तोंडात शिरला. आत चिखल नव्हता. रोजच्या पाण्याने तो कणाकणाने धुऊन गेला होता. आणि खांबावर तीन पीळ, स्वच्छ, धारदार. ओळखीच्या सगळ्या जातींना दोनच असतात. मी "तीन!" म्हणून अशी ओरडले की वैनीला वाटले देवघरात विंचू निघाला. त्या रात्री मला झोप लागली नाही. अजूनही डोळे मिटले की ते तीन पीळ दिसतात आणि हसू येते.

आता पेच असा. ज्या नमुन्यावरून नवी जात ठरवायची तो संग्रहालयात हवा. देवघरातला चालत नाही. वकील म्हणाले, दुसऱ्याची वस्तू मृत्युपत्राने देता येत नाही. म्हणून प्रथमच लिहून देते: तो शंख वेंकूबाईंचा आहे. संग्रहालयाला देणाऱ्या त्याच. हे वाक्य लिहायला मला चहाचे दोन पेले लागले.

तिला विचारले तेव्हा ती म्हणाली, "देव आहे तो. पेटींत घालून नंबर लावणार तुम्ही त्याला?"

"नंबर लागला तरच टिकेल, वैनी."

"आणि मज मागें कोण करील त्याचें? हरिताला सवड कोठें आहे?"

मी सांगितले, जात ज्याच्यावरून ठरली तो नमुना कोणी टाकत नाही. शंभर वर्षांनीही कोणी लांबून येईल, कपाट उघडायला लावील आणि त्यालाच पाहायला मागेल.

"त्यालाच?"

"त्यालाच. दुसरा चालत नाही."

तिने रेशमी चिंधी उचलून शंख पुन्हा एकदा टिपला. मग म्हणाली, "सरी, न्या. पण कोरडा ठेवूं नका म्हणून सांगा त्यांना."

"कोरडाच ठेवावा लागतो, वैनी."

"मग मी घातलें तेवढें पाणी पुरे काय?"

"पुरे," मी म्हणाले, आणि मला रडू आले.

मी सोमवारनंतर परत आले तर शोधनिबंध मी पुरा करीन. न आले तर नित्याने करावा. जातीच्या नावासाठी मी आईचे नाव राखून ठेवले होते. आई समजून घेईल. नवीन नावात वेंकूबाई हे नाव घालावे, मागे लॅटिन शेपूट लावून. मृत्युपत्र हे प्रकाशन नव्हे, इथे लिहिल्याने नाव रूढ होत नाही, म्हणून नित्याने उशीर करू नये.

वर्णनातले एक वाक्य मात्र मीच लिहून ठेवते. ते कोणी गाळू नये: "शिखराजवळच्या खोबणीत पिवळसर थर आहे. तो कवचाचा भाग नाही. ते चंदन आहे, काढू नये."

हे सर्व मी स्वतःच्या हाताने लिहिले आणि दोघांच्या देखत सही केली.

सही: कामाक्षी अनिरुद्धराव
साक्षीदार: डॉ. मुरलीकृष्ण, शेजारी
साक्षीदार: सतीशकुमार, माजी सहकारी
तंजावर, १२ फेब्रुवारी २०२५

वाचिलें. शुक्रवारीं मात्र नेऊं नये. — वेंकूबाई