आमच्या घरचा शिपाई

प्रिय आझमत,

परवा फोन कटला नव्हता. तू म्हणालास, "आई, नवीन काम धरतोय, लांब जायचंय, फातिहा दे," आणि मीच गप्प बसले. तू दोन-तीनदा हॅलो हॅलो केलंस आणि ठेवून दिलास. घरच्यांनी हात उघडून आशीर्वाद दिल्याशिवाय मोठ्या वाटेला लागायचं नाही, ही रीत तू परमुलखातही पाळतोस, याचं बरं वाटलं. पण तू मागितलेल्या फातिहाचं उत्तर फोनवर देण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसले. तुझे वडील म्हणाले, "लिही, पण पोराला रडवू नकोस." म्हटलं, रडवत नाही, घरचीच हकिगत सांगते.

गेल्या रविवारी मोहल्ल्याचा हशर होता. सगळे मिळून कालव्यापलीकडचं पोलिश शिपायांचं कब्रस्तान साफ करायला गेलो. पुरुषांनी भिंतीला चुना दिला, आम्ही बायकांनी गवत काढलं. तुला ठाऊकच आहे, ज्या घराचा जो शिपाई, त्याला त्या घरानं आधी नीटनेटकं करायचं. आपल्या झिबिकच्या थडग्यापाशी मी बसले तर मुकद्दस तिकडून ओरडली, "काय गं, तुझ्या पोलिश सासऱ्याची दाढी फारच वाढली की!" मी म्हटलं, "तुझ्या त्या लांबड्याच्या छातीवर काटेरी झुडूप आलंय, आधी ते उपट." सगळ्या हसल्या. दगडावर त्याचं नाव झ्बिग्न्येव असं आहे, पण आपल्या घरात ते कधी कुणाच्या जिभेवर बसलं नाही.

मी नवी नवरी म्हणून या घरात आले, तेव्हा पहिल्याच गुरुवारी तुझ्या कुमरीपणजीनं मला चुलीपुढे बसवलं. तेल तापलं, कणकेचे छोटे बोगिरसोक तळायला घेतले. वास उठला की मेलेली माणसं दाराशी येतात, आपलं नाव ऐकतात आणि पोट भरून परत जातात, हे माझ्या माहेरीही होतंच. मी सासरच्या सगळ्यांची नावं घेतली आणि झारा खाली ठेवला. पणजी म्हणाली, "अगं, एक राहिला. झिबिक भुकेला जाईल ना!" मला वाटलं, लहानपणी गेलेला एखादा चुलत दीर असेल.

मग तिनं सांगितलं. त्या मोठ्या लढाईचं आपल्याकडचं दुसरं वर्ष होतं. गावातले पुरुष आघाडीवर, धान्यही त्यांच्यामागून गेलेलं. अशात हे पोलिश लोक आले. थंड मुलखातल्या छावण्यांतून सुटलेले, अंगावर चिंध्या, पायांना फडकी. त्यांची फौज इथं उभी राहत होती. उभी कसली, पणजी म्हणायची, वारा आला तर पडतील असे होते; पण सकाळी रांगेत उभे राहून गाणं म्हणायचे, ते ऐकून डोंगरातली मेंढरं मान वर करायची. त्यांना मोजकंच रेशन मिळे. त्यातलं रोज थोडं बाजूला काढून ते गावातल्या पोरांसाठी कढई चढवत. कढईशी झिबिक असायचा. पणजीचं दूध आटलेलं, मांडीवर तुझे आजोबा, काही महिन्यांचे. झिबिक तिला तळातलं घट्ट वाढायचा आणि स्वतः वरचं पाणी प्यायचा. तिनं एकदा हातवारे करून विचारलं, तू का खात नाहीस? त्यानं पोट फुगवून दाखवलं, जणू लग्नाचा पुलाव जेवून आलाय. बरगड्या मोजून घ्याव्यात अशा होत्या, आणि हा नाटक करतोय!

त्याच उन्हाळ्यात टायफस आला. बंदूक हाती येण्याआधीच तो गेला, त्याच्याबरोबरचे कितीतरी गेले. उरलेली फौज पुढं निघून गेली. हिवाळ्यात पणजोबा एर्गाश पडल्याची खबर आली. कुठं पडले, कुठं पुरले, काही नाही. त्या गुरुवारी पणजीनं पहिल्यांदा दोन नावं घेतली. पुढं एका नव्या इमामानं हटकलं, की तो परधर्माचा, त्याच्यासाठी कशाला? पणजी म्हणाली, "मुल्लासाहेब, वाढताना त्यानं माझा कलमा विचारला नव्हता." आणि मला एकटीला म्हणाली, "माझा एर्गाश जिथं असेल तिथंही एखादी बाई असेलच की. मी इथं हयगय केली, तर ती तिथं करेल." हळूहळू सगळ्या मोहल्ल्यानं एकेक शिपाई वाटून घेतला.

या वसंतात झिबिकची भाची आली होती, हालिना, म्हातारी बाई. नेमका गुरुवार. दुभाष्यामार्फत तिनं विचारलं, "तुमचं नातं काय याच्याशी?" मी म्हटलं, "माझ्या सासऱ्याला यानं जगवलं. आता नातं तुम्हीच ठरवा." ती चुलीशी बसून गरम बोगिरसोक खात राहिली. मग म्हणाली, "आजी मरेपर्यंत सणाच्या रात्री मामाचं ताट मांडायची. कुणी उचललेलं तिला चालायचं नाही." मी तिला म्हटलं, बाई, इथं तो उपाशी नव्हता. तेव्हा ती रडली. आजी मात्र हे न कळताच गेली होती, आझमत.

तुझ्या फोनच्या आदल्या दिवशी तुझा तिकडचा सोबती नोदिर सुटीवर आला होता. त्याच्यावर रागावू नकोस, माझ्यापुढे त्याला खोटं बोलता येईना. तू धरतोयस ते काम नव्हे, फौज आहे. दुसऱ्यांच्या लढाईत, पैशासाठी आणि पासपोर्टसाठी. कागदावर तुझी सही अजून व्हायची आहे, असंही तो म्हणाला. उद्या तो परत निघतोय, हे पत्र त्याच्याच हाती देते. कालव्यापलीकडच्या पोरांना मी मान देते, कारण त्यांचा देश हिसकावला होता आणि ते लढून का होईना, घरीच निघाले होते. तुझं घर कुणी हिसकावलंय? तू तर घराकडे पाठ फिरवून उलट्या दिशेला चाललायस. मी फातिहा देत नाही. तुझे वडीलही देत नाहीत, त्यांनी शेजारी बसून हे वाचलंय. कुमरीपणजीनं सगळा जन्म एका न पाहिलेल्या बाईच्या भरवशावर काढला. माझ्यात तेवढं बळ नाही. कुठल्या तरी अनोळखी गावातल्या बाईनं तुझं नाव वेडंवाकडं का होईना शिकावं, अशी आशा धरून मला म्हातारी व्हायचं नाही. सही करू नकोस. हात हलवत आलास तरी चालेल, पण ये. तुझ्यासाठी मी तेल तापवीन ते तू समोर बसून, बोटं भाजून घेत, "आई, अजून दे" म्हणणार असशील तरच.

वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच आई