सुनीताच्या गोळ्या

मंगळवार, संध्याकाळ

सुनीता सापडली! परभणीची, चाकणला कंपनीत पॅकिंगला जाणारी, मी आरोग्यसेविका म्हणून जिच्या घरी जाते ती टीबीची पेशंट. आठ दिवस तिच्या खोलीला कुलूप होतं. गोळ्या सोडल्या असतील तर, हीच धास्ती होती.

चूक माझीच. दारातूनच मोठ्यानं विचारलं होतं मी, "टीबीच्या गोळ्या घेतेस ना?" घरमालकानं ऐकलं असेल का? ऐकलंच. दुसऱ्याच दिवशी त्यानं खोली खाली करायला लावली, असं शेजारणीकडून कळलं. इतक्या मोठ्यानं का बोलले मी?

आज तीच आळंदीहून बसनं दवाखान्यात आली. "ताई, एकबी गोळी चुकवली नाही. संपल्या म्हणून आले."

हायसं वाटलं. मी माफी मागितली. नवा पत्ता विचारायचं मात्र धाडस होईना. तिनंच माझ्या हातातलं पेन घेतलं आणि वहीत पत्ता लिहून दिला.