नुसता घसा बसला आहे

५ जानेवारी १९४१, अमरावती
संकल्प: रोजनिशीत खरं तेच लिहायचं.

ही अठ्ठेचाळीस वर्षांची. पाळी जाऊन दोन वर्षं झाली. झोप नाही, अंगातून वाफा निघतात. अंथरूण मुलीच्या, सिंधूच्या खोलीत नेलं आहे. संध्याकाळी माझ्याशेजारी झोपाळ्यावर बसायची, तेही बंद. विलायती जर्नलमध्ये उपाय सापडला. टेस्टॉस्टेरॉन. पुरुषांचं हॉर्मोन, पण बायकांच्या अंगातही थोडं असतंच, वयानं कमी होतं. इंजेक्शननं ताकद येते म्हणे. आणखीही एक फायदा दिला आहे, तो इथे लिहीत नाही.

१८ जानेवारी
बडनेऱ्याला स्टेशनवर जाऊन मुंबईचं पार्सल सोडवून आणलं. हिला लिव्हरचं टॉनिक म्हणून सांगितलं. कंपाउंडर पंजाबराव म्हणतो, बाईले खरं सांगून टाका ना. बायकोला औषध समजावत बसलं तर दवाखाना चालला!

९ फेब्रुवारी
गुण! ही परवा आपणहून हसली. सिंधूच्या लग्नाचे पापड एकटीनं लाटले. जर्नलमधला डोस गोऱ्या डॉक्टरांच्या भित्र्या स्वभावाचा दिसतो. दुप्पट करतो.

२७ फेब्रुवारी, संध्या. ७
झोपाळ्यावर आली! पाच मिनिटं बसली. सिंधूसाठी स्वतः रचलेलं मंगलाष्टक म्हणून दाखवलं. रिवाजाप्रमाणे नवरीच्या आईनं त्या वेळी मांडवात थांबायचं नाही, परसात तुळशीला पाणी घालायचं. ही तिथूनच म्हणणार आहे. सिंधूचा तसा हट्टच आहे. काय गळा! तीस वर्षं ऐकतो आहे, तरी अंगावर काटा आला. कौतुक करायचं राहून गेलं. उद्या करीन.

१६ मार्च
हिचा घसा बसला. कैऱ्या खाल्ल्या असतील. मिठाच्या गुळण्या सांगितल्या.

२ एप्रिल
अजून बसलेलाच. धूळ फार उडते हल्ली. भाजीवाल्या पार्बताबाईला हिनं आतून हाक मारली, तर ती म्हणाली, साहेब, बाईले धाडा ना बाहेर. फार हसलो. ही हसली नाही.

ओठावर थोडी लव दिसते. उजेडाचा दोष असावा.

३ एप्रिल
जर्नल पुन्हा काढलं. खाली बारीक टाइपात आहे की आवाज जाड होऊ लागला तर इंजेक्शन तात्काळ थांबवावं. पुढची ओळ वाचली नाही, पेशंट आला.

इंजेक्शन थांबवलं. ज्येष्ठमध सुरू. लग्नाला पाच आठवडे आहेत, घसा नक्की सुटेल.

२० एप्रिल
ही बोलतच नाही. खुणा करते. विश्रांतीनं गळा सुधारतो, चांगलंच आहे.

८ मे
लग्न लागलं. भटजींची अष्टकं झाली. मग परसातून हिनं सुरुवात केली. पहिली ओळ कशीबशी झाली, दुसरीला आवाज खाली गेला आणि फाटला. व्याही अकोल्याचे, भला माणूस. त्यांनी कौतुकानं विचारलं, कोणते बुवा आणले आहेत? आवाज थांबला होता. अंतरपाटामागे सिंधू रडत होती. मुली रडतातच, असं मी व्याह्यांना सांगितलं.

परसात गेलो. तांब्या भरलेलाच होता, ही तशीच उभी होती.

११ मे
सिंधू अकोल्याला गेली. घरात आम्ही दोघंच.

हिनं विचारलं, माझा आवाज परत येईल का? आठ दिवसांत, असं तोंडावर आलं होतं. पण ती पुढची ओळ मी वाचली आहे. ३ एप्रिललाच वाचली होती. नाही, म्हणालो. टॉनिक नव्हतं, तेही सांगितलं.

मग ते कशासाठी दिलंत, म्हणाली.

तीस वर्षांत इतकं कठीण काही बोललो नव्हतो. तू माझ्याजवळ येऊन बसावंस म्हणून, असं म्हणालो.

मग त्या जाड, परक्या आवाजात म्हणाली, नुसतं बोलावलं असतंत तरी आले असते.